शिरेतून जाणाऱ्या अन्नाची जबाबदारी कुणाची?

ज्याला शिरेवाटे पोषण, म्हणजे पिशवीतले द्रवरूप अन्न थेट रक्तात, दिले जात आहे अशा रुग्णाची फाइल उघडली, तर तिच्यात बहुधा सगळ्यांच्या नोंदी सापडतात. शल्यचिकित्सकाने जखम कोरडी असल्याचे लिहिलेले असते, अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांनी श्वसनयंत्राचे आकडे टिपलेले असतात, परिचारिकेने तासातासाला किती द्रव गेला आणि किती बाहेर आला हे भरलेले असते आणि आहारतज्ज्ञाने पहिल्या दिवशी उष्मांकांचा हिशेब मांडून ठेवलेला असतो. आज लावलेली पिशवी या रुग्णाला आजच्या परिस्थितीत योग्य आहे का, एवढ्या एका प्रश्नाखाली मात्र कुणाचीच सही नसते. काल होती तीच पिशवी आज लागते आणि आजची उद्या. औषध म्हणून जिचा विचार व्हायला हवा ती गोष्ट सलाईनच्या बाटलीसारखी चालू राहते.

शिरेवाटे पोषण देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात त्या कामासाठी नेमलेले पथक असणे ही सक्तीची अट असावी, असे माझे मत आहे. डॉक्टर, आहारतज्ज्ञ, औषधनिर्माता आणि परिचारिका असे निदान चार जण त्यात असावेत, त्यांनी रुग्णाला रोज प्रत्यक्ष पाहावे आणि पिशवीतले घटक बदलण्याचा, पिशवी थांबवण्याचा, प्रसंगी ती सुरूच न करण्याचा अधिकार त्यांच्याकडे असावा. यातली अधिकाराची अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी गाळली जाते.

ही उपचारपद्धती जन्मापासूनच एकट्याच्या आवाक्यातली नव्हती. १९६०च्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्टॅन्ली डड्रिक, डग्लस विल्मोर, हॅरी वार्स आणि जोनाथन रोड्स यांनी बीगल जातीच्या पिल्लांना केवळ शिरेतून पोषण देऊन ती नेहमीसारखी वाढतात हे दाखवले आणि १९६८च्या सुमारास तेच माणसांच्या बाबतीत सिद्ध केले. या चौघांत शल्यचिकित्सकांच्या जोडीला वार्स यांच्यासारखा जीवरसायनशास्त्रज्ञ होता. तिकडे स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल आणि अंड्यातील फॉस्फोलिपिडे वापरून शिरेत सुरक्षितपणे देता येईल असे स्निग्ध मिश्रण तयार केले. आतडे निकामी झालेला माणूस जगू शकतो, ही गोष्ट त्याआधी जवळपास अशक्य होती. हा उपचार वाचवतो याविषयी म्हणूनच वाद नाही. ज्याचे आतडे काम करत नाही त्याला दुसरा मार्गच नसतो. वाद आहे तो, हा उपचार सुरू झाल्यावर त्याच्याकडे कोण पाहते याविषयी.

तोंडावाटे किंवा पोटात घातलेल्या नळीवाटे दिलेले अन्न जास्त झाले की शरीर तक्रार करते. पोट फुगते, उलटी होते, जुलाब लागतात. शिरेला अशी तक्रार करता येत नाही. पिशवीत जे आणि जितके घातले असेल ते सगळे थेट रक्तात उतरते आणि पुढचा हिशेब यकृत, मूत्रपिंडे आणि हृदय यांनी चुकता करायचा असतो. एका पिशवीत ग्लुकोज, अमिनो आम्ले, स्निग्ध पदार्थ, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, डझनभर जीवनसत्त्वे आणि जस्त, तांबे, सेलेनियमसारखी सूक्ष्म खनिजे असतात. हे मिश्रण इतके तीव्र असते की हाताच्या बारीक शिरेला ते सोसत नाही. त्यासाठी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत सेंट्रल लाइन म्हणजे एक लांब नळी घालावी लागते आणि साखर व स्निग्ध पदार्थ वाहून नेणारी ही लाइन जंतूंनाही तितकीच प्रिय असते. औषधांतील चुकांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील ‘आयएसएमपी’ या संस्थेने शिरेवाटे पोषणाला अतिदक्षतेने हाताळायच्या औषधांच्या यादीत बसवले आहे ते उगाच नाही. १९९४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला एक इशारा काढावा लागला होता. पिशवीत कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा संयोग होऊन तयार झालेला साका फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत अडकला होता आणि त्यात दोन रुग्ण दगावले होते. दुधासारख्या पांढऱ्या मिश्रणात असा साका डोळ्यांना दिसत नाही. कोणत्या प्रमाणाला, कोणत्या तापमानाला आणि कोणत्या क्रमाने मिसळल्यास तो होतो, हे औषधनिर्मात्याचे ज्ञान आहे. ते शल्यचिकित्सकाकडे असेल अशी अपेक्षा करणेच चुकीचे ठरेल.

सगळ्यांत फसवा धोका मात्र पिशवीत नसून रुग्णाच्या उपासमारीत असतो. दहा-बारा दिवस पोटात काही न गेलेला, महिनाभरात निम्मा झालेला रुग्ण डोळ्यांसमोर आणा. त्याचे शरीर चरबी जाळून कसेबसे चाललेले असते, पेशींमधले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचे साठे आटलेले असतात, तरी रक्ताच्या तपासणीत आकडे पुष्कळदा ठीकच दिसतात. अशा माणसाला पूर्ण ताकदीची पिशवी लावली की ग्लुकोजबरोबर इन्शुलिन उसळते आणि रक्तातली ही खनिजे झपाट्याने पेशींच्या आत खेचली जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फॉस्फेट कोसळते. श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाचे ठोके अनियमित होतात, अंगावर सूज चढते. थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व आधी दिलेले नसेल, तर रक्तात लॅक्टिक आम्ल साचते किंवा मेंदूवर परिणाम होतो. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २००६ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की असा धोका मोठा असलेल्या रुग्णाला दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त १० किलोकॅलरींपासून सुरुवात करावी, पूर्ण मात्रेपर्यंत पोहोचायला चार ते सात दिवस घ्यावेत आणि थायमिन अन्नाच्या आधीपासूनच द्यावे.

आता हे एका खाटेपाशी उभे राहून पाहू. रुग्णाचे वजन ४० किलो, म्हणजे पहिल्या दिवशी ४०० किलोकॅलरी. कपाटात असलेल्या तयार पिशवीत मात्र १००० किंवा त्याहून जास्त. पिशवी पूर्ण लावली गेली तर पहिल्याच दिवशी अडीच पट अन्न जाते. तिसऱ्या दिवशी रुग्णाला धाप लागते. छातीरोगतज्ज्ञ येतात, छातीचा एक्स-रे होतो, न्यूमोनियाची शंका येऊन अँटिबायोटिक बदलले जाते. फॉस्फेटची तपासणी कुणी मागवलेलीच नसते, कारण नेहमीच्या रक्ततपासण्यांच्या छापील यादीत ती नसते. प्रत्येकाने आपापल्या शास्त्राप्रमाणे योग्यच काम केलेले असते आणि रुग्ण मात्र अन्नामुळे खालावत असतो. हे ज्याच्या डोक्यात पहिल्या मिनिटाला यायला हवे, असा माणूस त्या वॉर्डात रोज फिरत नसेल, तर ते कुणाच्याच डोक्यात येत नाही.

दुसरे उदाहरण याहून साधे आहे आणि म्हणूनच जास्त बोलके आहे. पहाटे रक्ताचा नमुना घ्यायचा असतो, हाताच्या शिरा सापडत नाहीत, म्हणून तो सेंट्रल लाइनमधूनच घेतला जातो. लाइनमध्ये पोषणाचे मिश्रण राहिलेले असते. प्रयोगशाळेतून अहवाल येतो, साखर ६००, पोटॅशियमही वाढलेले. ड्युटीवरचा डॉक्टर घाबरून इन्शुलिन सुरू करतो. खरी साखर १४० असलेल्या रुग्णाला आता इन्शुलिन चढत असते. ‘नमुना कुठून घेतला?’ एवढाच प्रश्न विचारायचा असतो. लाइनची एक वाट फक्त पोषणासाठी राखून ठेवायची, तिच्यातून ना रक्त काढायचे ना औषध द्यायचे, हा नियम ज्या परिचारिकेने वॉर्डात रुजवलेला असतो तिला हा प्रश्न विचारावाही लागत नाही.

आणि लपलेल्या उष्मांकांचा हिशेब तर कुणाच्याच खात्यावर नसतो. श्वसनयंत्रावरच्या रुग्णाला झोपवण्यासाठी दिले जाणारे प्रोपोफॉल हे स्वतःच तेलाचे मिश्रण असते. मिलिलिटरमागे साधारण १.१ किलोकॅलरी. तासाला २० मिलिलिटर या वेगाने ते दिवसभर चालले तर ५०० हून अधिक किलोकॅलरी औषधातून गेल्या. त्यांची नोंद औषधांच्या तक्त्यात होते, अन्नाच्या तक्त्यात होत नाही. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वाचणारा माणूस लागतो.

हे सगळे अपवाद आहेत, चांगल्या रुग्णालयांत असे होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ब्रिटनचा अनुभव पाहावा. तिथे १९९२ सालीच किंग्ज फंड या आरोग्यविषयक संस्थेच्या अहवालाने रुग्णालयांत पोषण पथके असावीत अशी शिफारस केली होती आणि ‘नाइस’नेही पुढे तेच सांगितले. तरीही उपचारांच्या दर्जाची गोपनीय चौकशी करणाऱ्या ‘एनसीईपीओडी’ या संस्थेने २०१० साली शिरेवाटे पोषण दिलेल्या रुग्णांची प्रकरणे तज्ज्ञांकडून तपासून घेतली, तेव्हा प्रौढ रुग्णांपैकी केवळ १९ टक्के प्रकरणांत देखभाल चांगली म्हणण्याजोगी आढळली. गरज ओळखायला उशीर, अपुरी देखरेख आणि टाळता येण्याजोगी चयापचयाची गुंतागुंत, या त्रुटी त्या अहवालात पुन्हा पुन्हा येतात. ज्या देशात सार्वजनिक आरोग्यव्यवस्था आहे, लिखित मार्गदर्शन आहे, प्रशिक्षित आहारतज्ज्ञ आहेत, तिथली ही स्थिती. शिफारस आणि सक्ती यांत किती अंतर असते, ते या एका आकड्यावरून कळते.

पथकाला घेतला जाणारा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. चार जणांच्या हाती सोपवलेले काम म्हणजे बारभाईचा कारभार; आज एकट्या डॉक्टरला जाब विचारता येतो, उद्या चौघे एकमेकांकडे बोट दाखवतील. पथक कसेही नेमले तर हा आक्षेप खराच ठरेल. आठवड्यातून एकदा बैठक घेऊन चहाबरोबर फायली चाळणारी समिती म्हणजे पथक नव्हे. पण आजच्या व्यवस्थेत एकच डॉक्टर जबाबदार असतो हा समजही कागदावरचाच आहे. पिशवी लिहून दिली शल्यचिकित्सकाने, वेग बदलला अतिदक्षता विभागाने, पोटॅशियम वाढवले रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने, आणि पिशवीत आधीच पोटॅशियम आहे हे कुणी पाहिलेच नाही. बारभाईचा कारभार आजच चालू आहे, फक्त त्याला नाव नाही. पथकामुळे निदान रोजच्या आदेशाखाली एक सही येते, आणि ती सही करणाऱ्याला बाकीच्या तिघांचे ऐकून घ्यावे लागते.

दुसरा आक्षेप संगणकाच्या भक्तांचा. नियमावली छापा, चौकटी भरायला लावा, सॉफ्टवेअरला सूचना देऊ द्या, माणसे कशाला हवीत? सेंट्रल लाइनच्या जंतुसंसर्गाविषयी अमेरिकेच्या मिशिगन राज्यात झालेले काम या संदर्भात नेहमी पुढे केले जाते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १०३ अतिदक्षता विभागांत हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपलेली लाइन काढणे, अशी पाच पथ्ये पाळली गेली. लाइनच्या हजार दिवसांमागे २.७ असलेले संसर्गाचे मध्यक प्रमाण तीन महिन्यांत शून्यावर आले. चौकटींच्या यादीचा हा विजय असल्याचे सांगितले जाते. पण त्या यादीबरोबर एक गोष्ट दिली होती, ती सांगायची राहून जाते. पथ्य मोडताना दिसल्यास डॉक्टरला थांबवण्याची मुभा परिचारिकेला होती. यादीत जीव आला तो या अधिकारामुळे. तो काढून घेतला, की उरतात ते नुसते कागदी घोडे, आणि अशा चौकटी पाळी संपायच्या आधी पाच मिनिटांत भरता येतात हे वॉर्डात काम केलेल्या कुणालाही ठाऊक असते.

पुराव्याविषयीही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. पथकामुळे लाइनचे संसर्ग आणि चयापचयाचे बिघाड कमी होतात असे दाखवणारे बरेच अभ्यास आहेत, परंतु त्यांतले पुष्कळसे ‘पथकाआधी आणि पथकानंतर’ अशा तुलनेचे आहेत. मधल्या काळात इतरही सुधारणा झालेल्या असतात, त्यामुळे सगळे श्रेय पथकाला देता येत नाही. मृत्यू किती टळले, हे तर त्यांतून ठामपणे सांगता येणार नाही. तरीही फॉस्फेट वेळेवर पाहणे, लाइनची एक वाट राखून ठेवणे, पिशवीतले घटक परस्परांशी जुळतात का ते तपासणे या गोष्टींना, रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडून केलेल्या चाचणीचा दाखला मागणे मला हट्टाचे वाटते. त्यांच्यामागचे शरीरशास्त्र आणि रसायनशास्त्र पक्के आहे.

जिथे मोठी चाचणी झाली, तिथे तिने काय सांगितले ते पाहा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या बेल्जियममधील एका अभ्यासात अतिदक्षता विभागातले ४६४० रुग्ण होते. नळीवाटे दिलेले अन्न पुरे पडत नसताना निम्म्यांना पहिल्या ४८ तासांतच शिरेवाटे जोड दिली गेली आणि निम्म्यांना आठव्या दिवसापर्यंत थांबवले गेले. थांबलेल्यांना संसर्ग कमी झाले आणि ते लवकर सावरले. यावरून कुपोषित रुग्णालाही आठवडाभर उपाशी ठेवावे असा अर्थ काढणे चूक आहे, कारण अतिशय खालावलेले रुग्ण त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. पण घाईने लावलेली पिशवी निरुपद्रवी नसते, एवढे त्याने नक्की दाखवले. पथकाचे सर्वांत मोलाचे काम मला इथे दिसते. ‘या रुग्णाचे आतडे चालते आहे, नळी घाला’, किंवा ‘दोन दिवस थांबा, तो जेवायला लागेल’, असे ठामपणे सांगणारे कुणीतरी हवे. न लावलेल्या पिशवीचा संसर्ग होत नाही आणि तिचा खर्चही येत नाही. पथकाच्या पगाराचा हिशेब मांडणारे व्यवस्थापन हा आकडा मात्र कधी मांडत नाही, कारण न झालेल्या खर्चाचे बिल निघत नाही.

तयार, तीन कप्प्यांच्या पिशव्या आल्यामुळे पथकाची गरज संपली, असाही एक समज पसरला आहे. या पिशव्यांमुळे मिसळण्यातल्या चुका आणि दूषित होण्याचा धोका कमी झाला, हे मान्यच आहे. २०११ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात एका औषधशाळेने मिसळून दिलेल्या पोषणद्रवातून सेराशिया जंतूंचा संसर्ग १९ रुग्णांना झाला आणि त्यांतले नऊ जण दगावले. तेव्हा मिश्रणाची भीती अनाठायी नाही. पण तयार पिशवीत जीवनसत्त्वे आणि बहुतेक सूक्ष्म खनिजे सहसा नसतात, ती वेगळी घालावी लागतात. ती विसरली गेली तर नुसते ग्लुकोज जात राहते आणि थायमिनशिवाय ग्लुकोज म्हणजे काय, ते वर आलेच आहे. पिशवी सोपी झाली, त्यामुळे ती लावायलाही सोपी झाली, आणि जिथे पूर्वी औषधनिर्मात्याशी बोलल्याशिवाय काही होत नसे तिथे आता कपाट उघडले की काम भागते.

लहान रुग्णालयांनी काय करावे? चार पूर्णवेळ माणसे त्यांना परवडणार नाहीत, हे उघड आहे. त्यांनी वेगळी माणसे नेमावीत असे माझे म्हणणेही नाही. आहे त्याच डॉक्टर, आहारतज्ज्ञ, औषधनिर्माता आणि परिचारिका यांना नावानिशी हे काम द्यावे, रोजची अर्धी घटिका राखून ठेवावी आणि मोठ्या रुग्णालयातल्या पथकाशी फोनवर किंवा व्हिडिओवर रुग्णाची चर्चा करण्याची सोय करावी. एवढेही जमत नसेल आणि रुग्णाला अनेक दिवस शिरेवाटे पोषण लागणार असेल, तर त्याला हलवणे हाच योग्य उपचार होय. शस्त्रक्रियागृह नसलेले रुग्णालय शस्त्रक्रिया करत नाही, यात कुणाला कमीपणा वाटत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाबतीत तर ही अट आणखी कडक हवी. तिथे हिशेब मिलिलिटरमध्ये असतो आणि चूक पचवायला शरीरच नसते.

सक्ती करायची तर ती मोजता आली पाहिजे. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्यांनी पथकाच्या स्थापनेचे पत्र पाहून समाधान मानू नये. शिरेवाटे पोषण मिळालेल्या रुग्णांच्या फायली त्यांनी मागवाव्यात आणि पाहावे, की उपचार सुरू करण्याआधी फॉस्फेट, मॅग्नेशियम, पोटॅशियम तपासले होते का, धोका असलेल्या रुग्णात पुढचे काही दिवस ते रोज पाहिले का, थायमिन दिले का, यकृताच्या तपासण्या आणि ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी यांकडे लक्ष होते का, लाइन काढता येईल का हा प्रश्न शेवटचा केव्हा विचारला गेला आणि पथकाचा सल्ला किती वेळा डावलला गेला. शेवटचा आकडा कुठल्याही रुग्णालयाला आवडणार नाही, म्हणूनच तो मागायला हवा.

याच फायलींत शनिवार-रविवारची पाने वेगळी काढून पाहावीत. शुक्रवारी दुपारी पिशवी लिहून दिली जाते, पुढच्या दोन दिवसांच्या पिशव्याही त्याच वेळी मागवल्या जातात, आणि रिफीडिंगचा सर्वांत धोक्याचा काळ नेमका अशा दिवसांत येतो जेव्हा आहारतज्ज्ञ सुट्टीवर असतो, औषधविभाग अर्ध्या मनुष्यबळावर चालतो आणि फॉस्फेटची तपासणी ‘सोमवारी पाठवू’ म्हणून राहते. शिरेवाटे पोषण हा क्वचितच तासाभरात सुरू करण्याचा तातडीचा उपचार असतो. सुट्टीच्या दिवशी रक्त तपासणारे आणि अहवाल पाहून वेग बदलणारे कुणी नसेल, तर पाणी, क्षार आणि थायमिन देऊन सोमवारी सकाळी पथकाच्या देखरेखीखाली सुरुवात करणे बहुतेक रुग्णांसाठी अधिक सुरक्षित आहे, आणि तसे लेखी सांगण्याचा अधिकार पथकाला शुक्रवारी दुपारीच असला पाहिजे.